यांना सोडता येणार नाही

कोणताही दगड हातात आला की सर तो आधी शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि मग त्याला हळूच जीभ लावायचे. परीक्षा विभागात कागद उडू नयेत म्हणून टेबलाटेबलावर ठेवलेले दगड त्यांनी पहिल्या आठवड्यातच असे चाखून काढले होते. आमचा शिपाई दारात उभा राहून बघत होता. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "साहब, नमक ठीक है?"

सर तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "इसमें कम है. वो खिड़की वाला चलेगा."

मग मला खिडकीपाशी बोलावून तो दगड त्यांनी माझ्या हातात दिला. "हे जिभेले चिकटते. चिकटलं म्हणजे समजायचं का हा नुसता दगड नाही, हाड आहे. कोण्या तरी मोठ्या जनावराचं. आणि आपण त्याच्याखाली गुणपत्रिका दाबून ठेवून राहिलो."

तुमच्याही कार्यालयात असा एखादा माणूस असेल. तो तिथला नाही हे पहिल्या दिवशीच कळतं, आणि तरी सगळी कामं त्याच्याच टेबलावर जाऊन पडतात. आमचे सर मुळात भूगर्भशास्त्राचे व्याख्याते. त्या वर्षी आमच्या विद्यापीठात गुण वाढवून देण्याचं एक प्रकरण उघडकीस आलं. परीक्षा विभागाचा उपकुलसचिव निलंबित झाला. कोणाच्याही दबावाखाली न येणारा माणूस त्या खुर्चीत हवा होता, म्हणून कुलगुरूंनी सरांना शिकवण्यातून काढून इथं आणून बसवलं. सहा महिन्यांसाठी.

सरांनी ते सहा महिने खरे धरले. दारावर आपल्या नावाची पाटी लावू दिली नाही. साहेबांची मोठी फिरती खुर्ची भिंतीशी सारून ते वर्गातल्यासारख्या लाकडी खुर्चीत बसत. कोणी "साहब" म्हटलं तर म्हणायचे, "साहब नहीं भैया, सर बोलो. मैं यहाँ मेहमान हूँ." माझ्याशी मराठीत बोलताना हेच, "आपण पाहुणे माणूस."

विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून इथं जबलपूरला तोफांच्या कारखान्यात कामाला आले, तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. पुढं राज्यांची फेररचना झाली. नागपूर तिकडं गेलं, आम्ही इकडं राहिलो. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशी आमच्यासारखी कितीतरी घरं या गावात आहेत. कारखान्याच्या क्वार्टर्समागं एक टेकडी होती. तिथून दगड गोळा करून आणायचे म्हणून लहानपणी आईच्या हातचा मार खाल्ला, असं सर सांगायचे. त्याच दगडांवर पुढं पीएच.डी. केली. वस्तीतले ते पहिले डॉक्टर. विहारात सत्कार झाला तेव्हा एक म्हातारी त्यांना गुडघेदुखीवर औषध विचारायला आली होती.

मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले होते. बावीस वर्षांची. त्याआधीचं एक वर्ष मी दुसऱ्या विभागात काढलं होतं. तिथले अधिकारी पाच वाजता सगळे निघाले की मला एखादी फाइल घेऊन बसवून ठेवायचे आणि समोर खुर्ची ओढून कामाव्यतिरिक्त सगळं बोलायचे. बोलण्यापलीकडे काही झालं नाही, पण रोज चार वाजल्यापासून माझं लक्ष घड्याळाकडे लागायचं. घरी सांगितलं असतं तर नोकरी सुटली असती, म्हणून मी सांगितलं नाही. सरांच्या विभागात बदली झाली आणि पहिल्याच दिवशी पाच वाजता त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काहून वं, घरी कोणी वाट पाहत नाही का?"

"पाहतात सर."

"मग चल, निघ. कागद उद्याही इथंच राहते."

त्या दिवसानंतर मी कधी पाचच्या पुढं थांबले नाही.

नोटशीट लिहायला त्यांनीच मला शिकवलं. फाइलमध्ये प्रकरणाची टिप्पणी लिहून वर पाठवायची, तो कागद म्हणजे नोटशीट. मी पहिली लिहिली ती वाचून त्यांनी पेन्सिलनं कागदावर चार आडव्या रेषा ओढल्या. "हा जमिनीचा छेद आहे असं समज. सगळ्यात खाली काय घडलं ते. त्याच्यावर नियम. त्याच्यावर, आधी असं कधी झालं का ते. आणि सगळ्यात वर, पातळसं, आपलं मत. मत आधी लिहिशील तर कोणीही येऊन फोडते. खालचे थर पक्के असले तर वरून पाणी पडू दे नाही तर साहेब, हलत नाही."

माझी टिप्पणी पुढं खरंच हलेनाशी झाली. वरून फाइली सह्या होऊन परत येऊ लागल्या. "अच्छा लिखती है लड़की," असं कुलसचिव म्हणाल्याचं सरांनीच मला येऊन सांगितलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

मंडल्याकडची एक मुलगी एका विषयात गैरहजर दाखवली गेली होती. ती म्हणत होती, मी पेपर दिला आहे. तिचे वडील बस बदलत तीन वेळा आले आणि काउंटरवरून तीन वेळा परत गेले. चौथ्यांदा सरांनी त्यांना पाहिलं. रविवारी सकाळी सर गोदामाची किल्ली घेऊन आले, नाकाला रुमाल बांधला आणि उत्तरपत्रिकांची पोती एकेक करून उघडली. दुपारी तीनला तिची वही सापडली, दुसऱ्याच कॉलेजच्या गठ्ठ्यात शिवली गेलेली. सोमवारी त्या माणसानं त्यांचे पाय धरायला हात पुढं केला. सरांनी तो हात मधेच धरून हातात घेतला. "बिटिया पास है. अब उसको आगे पढ़ाइए, बस."

असा माणूस एकदा खुर्चीत बसला की त्याला उठवायचं कोण मनावर घेणार? सहा महिन्यांचं वर्ष झालं. वर्षाची चार वर्षं झाली. सर दर जून महिन्यात अर्ज द्यायचे, मला माझ्या मूळ विभागात परत पाठवावं. दर वेळी उत्तर यायचं, निकाल लागू द्या. निकाल लागले की पुरवणी परीक्षा, ती संपली की नवीन फॉर्म. तिकडं त्यांचे वर्ग एका तात्पुरत्या माणसाला दिले होते, तो कायम झाला. बरोबरीचे लोक बढती मिळून रीडर झाले. सर जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन भूगर्भशास्त्राच्या संग्रहालयात जायचे, नमुन्यांवरची धूळ पुसायचे, चिठ्ठ्या नव्यानं लिहून चिकटवायचे. कधी हसत परत यायचे, कधी न बोलता.

एके वर्षी नवे कुलगुरू आले. स्वतः विज्ञानातले. सरांचा अर्ज वाचून त्यांनी समासात लिहिलं, "या माणसाला शिकवू का देत नाही? टिप्पणी सादर करा." ती फाइल खाली आली आणि सगळ्यांना कळलं की या वेळी सर जाणार. सरांनी घरी काकूंना सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी डब्यात पुरणपोळी होती आणि त्यांनी ती आम्हा सगळ्यांना वाटली.

त्याच दुपारी मला आणखी एक गोष्ट कळली. सरांच्या जागी कोण येणार, त्याचं नाव. माझ्या आधीच्या विभागातले तेच अधिकारी.

संध्याकाळी कुलसचिवांनी मला बोलावलं. "बेटी, टिप्पणी तुम बनाओ. इन्हें छोड़ा नहीं जा सकता. ऐसा लिखो कि ऊपर से वापस न आए."

नोकरी करणाऱ्यांना ठाऊक असेल, सांगितलेलं लिहिणं आणि मनापासून लिहिणं यात किती फरक असतो. मी वरवरचं काहीतरी लिहू शकले असते. कुलगुरूंनी दोन मिनिटांत ते खोडून काढलं असतं आणि सर आपल्या वर्गात गेले असते. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी मनापासून लिहिलं. खाली घडलेली हकीकत, त्यावर नियम, त्यावर जुने दाखले. आणि सगळ्यात वर एक ओळ. फाइल हिंदीत होती, पण तिचा अर्थ असा, की त्यांच्या जागी बसवता येईल असा दुसरा विश्वासाचा माणूस आज विद्यापीठात नाही, म्हणून यांना सोडता येणार नाही.

चार दिवसांनी फाइल परत आली. खाली एकच शब्द होता, "सहमत." नियमाप्रमाणे ती आधी विभागप्रमुखाकडं जायची, म्हणजे सरांकडंच.

त्यांनी ती उभ्यानंच वाचली. मी समोर होते. कुठं पळून जाता आलं असतं तर बरं झालं असतं. दोन पानं वाचून ते खाली बसले आणि परत पहिल्यापासून वाचली. मग पेन्सिल घेऊन एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली.

"चांगलं लिहिलं," ते म्हणाले. "हलत नाही."

"सर, मला लिहायला सांगितलं होतं."

"माहीत आहे मले. नोकरीत सांगितलेलं लिहा लागते." फाइलची नाडी त्यांनी बांधली, सोडली, परत बांधली. "पण ही वरची ओळ, दुसरा माणूस नाही ही, तुले कोणी सांगितली नव्हती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या दिवशी ते संग्रहालयात गेले नाहीत. डबा टेबलावरच खाल्ला, आणि पाच वाजता नेहमीसारखं म्हणाले, "चल, निघ."

पुढच्या वर्षी त्यांनी अर्ज केला नाही. त्यानंतरही नाही. दारावर नावाची पाटी लागली. मीच ती रंगवून आणली होती. शासनाचा आदेश निघाला, की इतकी वर्षं प्रशासनात काढलेल्यांना तिथंच कायम करावं, आणि त्या एका कागदानं सरांचं व्याख्यातेपण संपलं. शिकवणाऱ्यांना निवृत्ती उशिरा असते, अधिकाऱ्यांना आधी. त्यांच्या बरोबरीचे लोक प्रोफेसर होऊन अजून शिकवत होते तेव्हा सरांच्या निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. सगळ्यांनी त्यांना कुशल प्रशासक म्हटलं. भूगर्भशास्त्र विभागातून कोणी आलं नव्हतं, त्यांची प्रॅक्टिकल परीक्षा होती. तिचं वेळापत्रक सरांच्याच सहीनं निघालं होतं.

निवृत्तीनंतर ते विजय नगरला मुलानं बांधलेल्या घरी राहायला गेले. मी सणावाराला जायची. काकू चहा करायच्या, सर वर्तमानपत्र वाचत असायचे. त्या नोटशीटबद्दल मी इतक्या वर्षांत एक शब्द काढला नव्हता. दर वेळी मनाशी ठरवून जायची आणि चहा पिऊन परत यायची.

मग एका डिसेंबरमध्ये त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच होता.

"सांगून राहिलो, हसू नको. आपल्या भूगर्भ विभागातून बोलावणं आलं. मुलांना लमेटा घाटावर न्यायचं आहे, त्यांच्या सरांचा पाय मोडला. तिथले थर दाखवणारं दुसरं कोणी नाही म्हणे. तू चलतेस का?"

मी रजा टाकली. बसमध्ये वीसेक मुलं-मुली आणि एक तरुण व्याख्याती होती. सरांनी जुने बूट पॉलिश करून घातले होते. घाटावर उतरल्यावर ते काही वेळ नर्मदेकडे तोंड करून उभे राहिले. मुलं आपापसात बोलत होती. मला भीती वाटली, की यांना आता जमणार नाही.

मग ते वळले आणि म्हणाले, "सब लोग नीचे बैठो. पत्थर को नीचे से ऊपर पढ़ते हैं, इसलिए नीचे से शुरू करेंगे."

त्यांच्याबरोबर मी इतकी वर्षं काम केलं होतं आणि त्यांना शिकवताना एकदाही पाहिलं नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं. ते हिंदीत बोलत होते, साधं, सावकाश. इथं एकेकाळी तळं होतं, त्याच्या काठाला ती प्रचंड जनावरं, डायनोसोर, अंडी घालायची, मग तिकडून लाव्ह्याचा लोट आला आणि सगळं झाकून गेलं. बोलताना ते दगडाच्या कड्याला हात टेकत होते, जसा आपण घरच्या भिंतीला टेकतो. मागं बसलेला एक मुलगा सरकत सरकत पुढं आला. दीड तास कोणी उठलं नाही. मी दगडावर बसून ऐकत होते, आणि मी त्या एका ओळीनं काय थांबवलं होतं ते माझ्यासमोर उभं होतं.

शेवटी एका मुलीनं हात वर केला. "सर, ये जो आप तालाब बोल रहे हैं, नई किताब में तो कुछ और लिखा है. कि ज़्यादातर सूखी ज़मीन थी, मिट्टी की परत."

तरुण व्याख्यातीनं तिला डोळ्यांनी दटावलं. सर मात्र तिच्यासमोर खाली बसले. "अच्छा? ये मुझे नहीं पता. बताओ, कैसे पता चला?" ती सांगत गेली. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं, मधे दोनदा थांबवून नावांचं स्पेलिंग विचारलं.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"मले वाटत होतं, दगड कुठं जातात," ते म्हणाले. "दगड थांबले. विषय निघून गेला."

मग मी बोलले. "सर, त्या नोटशीटवरची वरची ओळ."

"हं."

"ती खरी होती. पण मी ती विद्यापीठासाठी नव्हती लिहिली. तुमच्या जागी ते येणार होते. मला परत त्यांच्या हाताखाली काम करायचं नव्हतं."

बस सदर भागातल्या बाजारात अडकली होती, पुढं रिक्षावाल्यांची गर्दी होती.

"मले तेव्हा नव्हतं समजलं," ते म्हणाले. "नंतर समजलं. ते साहेब जिथं गेले तिथल्या दोन पोरी बदली मागायला माझ्याकडं आल्या होत्या, तेव्हा." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तू घरी वेळेवर जात होतीस ना?"

"हो सर."

"मग ठीक."

ठीक नव्हतं. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं. पण त्यांनी तसं म्हटलं, आणि मी ते घेतलं.

विभागानं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. मोडलेला पाय बरा झाला. पण सरांना आता मधल्या वर्षांत काय काय लिहिलं गेलं ते सगळं वाचायचं होतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात निवृत्त शिक्षकांना प्रवेश होता, निवृत्त अधिकाऱ्यांना नव्हता. मी अर्ज केला, टिप्पणी लावली, जितकं येत होतं तितकं सगळं तिच्यात ओतलं. ती "नियमात बसत नाही" असा शेरा घेऊन परत आली. शेवटी ग्रंथपाल बाईच मला म्हणाल्या, "दीदी, कागज़ छोड़िए. सर को भेज दीजिए, मैं बिठा दूँगी."

ते पाच महिने जात होते. काकू सांगायच्या, सकाळी नऊलाच तयार होतात, जेवायला बसवलं तर घास मोजून खातात, शाळकरी पोरासारखे. कधी मी दुपारी ग्रंथालयात जाऊन दारातून बघायची. ते जाड चष्मा लावून वाचत असायचे, बोट ओळीखालून सरकत असायचं. मी आत जात नसे.

मे महिन्यात एका सकाळी सर घरीच वारले, अंघोळीला पाणी तापत असताना. बातमी आली तेव्हा मी कार्यालयात होते. शोकसभेच्या परिपत्रकात नावापुढं सेवानिवृत्त उपकुलसचिव असंच लिहावं लागलं. सेवापुस्तकात तेच होतं.

पंधरा दिवसांनी मी ग्रंथालयात गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. ग्रंथपाल बाईंनी न विचारताच दाराशी ठेवलेलं अभ्यागतांचं रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. नाव, पद, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. पाच महिन्यांची पानं मी उलटली. रोज तेच नेटकं अक्षर. वेळा मिनिटापर्यंत लिहिलेल्या. पदाच्या रकान्यात पहिल्या दिवशी त्यांनी काहीतरी लिहून खोडलं होतं, इतकं गच्च की वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिथं नुसती एक आडवी रेघ होती. प्रत्येक दिवशी एक, शेवटच्या दिवसापर्यंत. त्याखाली दुसऱ्या कोणाचं तरी नाव होतं, आणि पान पुढं चालू होतं.